अशासकीय विधेयक कसे घडवावे : आरोग्य, न्याय आणि मतदान या तीन विषयांच्या आधारे

आमदारांच्या कार्यालयात जी निवेदने येतात, त्यांतील बहुतेकांचे शेवटचे वाक्य ठरलेले असते : "तरी शासनाने याबाबत कडक कायदा करावा." त्या वाक्यामागे बहुधा खरे दुःख असते. अपघातात जखमी झालेल्या मुलाला रात्री अकरा वाजता रुग्णालयाच्या दारात अनामत रकमेसाठी थांबवलेले असते, किरकोळ गुन्ह्यातील आरोपी जामिनाअभावी वर्षानुवर्षे तुरुंगात असतो, किंवा मतदानाच्या दिवशी आपले नाव शेजारच्या प्रभागात गेल्याचे एखाद्या कुटुंबाला केंद्रावरच कळते. कायदा करण्याचा अधिकार मात्र एकट्या शासनाचा नाही. मंत्री नसलेल्या कोणत्याही सदस्याला, मग तो विधानसभेच्या २८८ जणांपैकी असो की विधानपरिषदेच्या ७८ जणांपैकी, स्वतःचे विधेयक मांडता येते आणि त्याला अशासकीय विधेयक म्हणतात. अशी विधेयके लिहून देण्याचे काम मी काही वर्षे केले आहे. त्या अनुभवातून, संस्था, वकील मित्र आणि आमदारांचे स्वीय सहायक यांना उपयोगी पडेल अशी कामाची रीत येथे मांडत आहे.

आधी अपेक्षा नीट ठरवा

अशासकीय विधेयक जसेच्या तसे कायदा होणे फार दुर्मीळ आहे, हे पहिल्याच बैठकीत सर्वांना स्पष्ट सांगावे. संसदेत स्वातंत्र्यानंतर अशी केवळ १४ विधेयके कायद्यात रूपांतरित झाली आणि त्यांतले शेवटचे १९७० साली झाले. गंभीर फौजदारी खटल्यांत सर्वोच्च न्यायालयात अपील करण्याची वाट रुंद करणारे ते विधेयक आनंद नारायण मुल्ला यांनी लोकसभेत मांडले होते. त्यानंतर २०१५ मध्ये तिरुची सिवा यांचे तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांविषयीचे विधेयक राज्यसभेने संमत केले. ते लोकसभेतून पार पडले नाही, पण त्या विषयावर सरकारला स्वतःचे विधेयक आणावे लागले आणि २०१९ मध्ये कायदा झाला.

आपल्याकडचे उदाहरण याहून जुने आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मार्च १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या, म्हणजे गावची कामे करण्याच्या पिढीजात बंधनाच्या, जोखडातून माणसे सोडवण्यासाठी वंशपरंपरागत वतनांच्या १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. ते प्रवर समितीकडे, म्हणजे विधेयक बारकाईने तपासणाऱ्या सदस्यांच्या समितीकडे, गेले, तेथे त्याचे रूप पालटले आणि जुलै १९२९ मध्ये त्यांनी ते मागे घेतले. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ साली झाला. मधली तीस वर्षे हा प्रश्न विधिमंडळाच्या दप्तरात विधेयकाच्या रूपाने, कलमांसह नोंदलेला होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. म्हणून मसुदा असा लिहावा की उद्या शासनाला तो उचलावासा वाटला, तर बदलावे लागणारे शब्द कमीत कमी असावेत.

विधेयकच हवे आहे का, हे तपासा

कायदा नाही म्हणून अन्याय होतो की कायदा असून तो पाळला जात नाही म्हणून होतो, याचे उत्तर मिळाल्याशिवाय लेखणी उचलू नये. धर्मादाय रुग्णालयांचे उदाहरण घ्या. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाचे कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना यांनुसार या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या आहेत, शिवाय एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची आहे. या खाटा मिळत नसतील, तर तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना किंवा अर्धा तास चर्चा या, मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यायला लावणाऱ्या, साधनांतून उत्तर लवकर मिळते. तत्त्वाचा पुकारा करायचा असेल तर अशासकीय ठराव पुरतो. नवे कर्तव्य, नवा अधिकार किंवा नवा दंड निर्माण करायचा असेल, तरच विधेयकाकडे वळावे.

अधिकार कोणाचा : सातवी अनुसूची उघडून बसा

अशासकीय विधेयके सर्वाधिक फसतात ती येथे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत संघसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची अशा तीन याद्या आहेत. आपला विषय कोणत्या नोंदीत बसतो ते मसुद्याच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवण्याची सवय लावावी. नोंद सापडत नसेल, तर विधेयकाचा विषयच नव्याने आखावा लागतो.

आरोग्याच्या बाबतीत राज्याची बाजू भक्कम आहे, कारण सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता, रुग्णालये आणि दवाखाने ही राज्यसूचीतील ६ वी नोंद आहे. वैद्यकीय व्यवसाय मात्र समवर्ती सूचीत आहे. त्यामुळे डॉक्टरांची पदवी किंवा त्यांची नोंदणी यांना हात घालणारे कलम लिहिले की केंद्रीय कायद्याशी गाठ पडते. रुग्णालय या आस्थापनेवर कर्तव्य लादणारे कलम तुलनेने सुरक्षित राहते.

न्यायाच्या बाबतीत वाट अरुंद होते. फौजदारी कायदा, फौजदारी प्रक्रिया आणि, बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनंतर, न्यायदान हे विषय समवर्ती सूचीत आहेत. तेथे राज्याला कायदा करता येतो, परंतु तो केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल तर अनुच्छेद २५४ नुसार राष्ट्रपतींच्या अनुमतीवाचून टिकत नाही. याउलट पोलीस, कारागृहे आणि सर्वोच्च न्यायालय वगळता इतर न्यायालयांतील शुल्क हे विषय राज्यसूचीत आहेत.

मतदानाच्या बाबतीत तर निम्म्याहून अधिक मागण्या चुकीच्या दारावर येतात. लोकसभा आणि विधानसभा यांच्या मतदार याद्या व निवडणुका १९५० आणि १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमांनी बांधलेल्या आहेत आणि अनुच्छेद ३२८ राज्य विधानमंडळाला देतो ती जागा संसदेने न व्यापलेल्या भागापुरतीच आहे. मतदानाचे वय, मतदान यंत्रे किंवा विधानसभेची मतदार यादी यांवर आमदाराचे विधेयक काही करू शकत नाही. स्थानिक स्वराज्य संस्था मात्र राज्यसूचीतील ५ व्या नोंदीत आहेत. अनुच्छेद २४३ ट आणि २४३ यक यांनी या निवडणुकांचे अधीक्षण, निदेशन व नियंत्रण राज्य निवडणूक आयोगाकडे सोपवले आहे, तर त्यांच्याशी संबंधित बाबींवर कायदा करण्याचा अधिकार राज्य विधानमंडळाला दिला आहे. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपरिषद आणि महानगरपालिका यांचे मतदान हेच आमदाराचे खरे क्षेत्र आहे. थेट सरपंच निवडीची तरतूद २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली, ती याच अधिकाराच्या बळावर.

आरोग्याचे विधेयक : एक कलम जवळून पाहू

एका तालुक्याहून आलेल्या कार्यकर्त्यांनी सोबत आणलेल्या कच्च्या मसुद्यात मुख्य कलम असे होते : "प्रत्येक रुग्णालयाने तातडीच्या रुग्णांना योग्य ते उपचार द्यावेत व त्यांची अडवणूक करू नये." भावना रास्त होती, पण या वाक्याच्या आधारे कोणालाही जबाबदार धरता आले नसते. रुग्णालय म्हणजे कोणते, तातडी कोणी ठरवायची, योग्य उपचार म्हणजे कुठपर्यंत, अडवणूक झाली तर कोणाकडे जायचे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते.

प्रथम आम्ही स्वतंत्र कायद्याचा हट्ट सोडला. राज्यातील खासगी रुग्णालयांची नोंदणी महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खाली होते आणि २०२१ मध्ये त्याखालील नियमांत दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक लावणे बंधनकारक झालेले आहे. नोंदणी करणारे, तपासणारे आणि नोंदणी रद्द करू शकणारे प्राधिकरण त्या अधिनियमात आधीच आहे. त्याच अधिनियमात नवे कलम घातले की यंत्रणा आयती मिळते आणि विधेयक दीड पानात मावते. छोटे दुरुस्ती विधेयक सभागृहात वाचले जाते, चाळीस कलमांचे नवे विधेयक बहुधा वाचले जात नाही.

मग कलम असे झाले : "या अधिनियमाखाली नोंदणी झालेल्या प्रत्येक शुश्रूषागृहाचा प्रभारी, जिच्या जिवाला किंवा अवयवाला तात्काळ धोका असल्याचे कर्तव्यावरील नोंदणीकृत वैद्यक व्यवसायीस दिसून येईल अशी कोणतीही व्यक्ती तेथे आणली जाताच, अनामत रक्कम अथवा ओळखपत्र न मागता, तिची प्रकृती स्थिर करण्यासाठी तेथील साधनांनिशी शक्य असतील ते उपचार करील; आणि पुढील उपचारांची सोय तेथे नसेल तर, केलेल्या उपचारांच्या लेखी नोंदीसह तिला अन्य रुग्णालयात पाठवील."

या वाक्यात कर्ता आहे, वेळ आहे, मर्यादा आहे आणि लेखी नोंद आहे. आणीबाणीतील रुग्णावर उपचार करण्याचे डॉक्टरांचे कर्तव्य सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात सांगितलेलेच आहे. विधेयकाने त्या कर्तव्याला तक्रारीचे ठिकाण आणि परिणाम जोडून द्यायचा असतो. म्हणून पुढच्या पोटकलमांत तक्रार कोणाकडे करायची, ती किती दिवसांत निकाली निघायची, पहिल्या उल्लंघनाला किती दंड आणि वारंवार झाल्यास नोंदणीचे काय, हे लिहावे लागते.

उपचारांचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न टाळू नये. राजस्थान विधानसभेने मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा संमत केला, तेव्हा खासगी डॉक्टरांचा जो मोठा संप झाला, त्यात आणीबाणीच्या उपचारांचे पैसे कधी आणि कसे मिळणार हा कळीचा मुद्दा होता. ज्यांच्यावर कर्तव्य येणार आहे त्यांच्या संघटनेला मसुदा आधीच वाचायला देणे मला आवश्यक वाटते. त्यांच्या सर्व हरकती मान्य करण्याची गरज नसते, पण त्या सभागृहात पहिल्यांदाच कळल्या तर विधेयक तेथेच अडते.

न्यायाचे विधेयक : शिक्षेपेक्षा व्यवस्थेला हात घाला

न्याय म्हटले की शिक्षा वाढवण्याची सूचना सर्वांत आधी येते आणि ती सर्वांत कमी उपयोगाची असते. महिलांवरील अत्याचारांसंबंधीचे शक्ती विधेयक शासनानेच डिसेंबर २०२० मध्ये आणले, ते संयुक्त समितीकडे गेले आणि डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी एकमताने संमत केले. भारतीय दंड संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहिता यांत बदल करायचे असल्यामुळे त्याला राष्ट्रपतींची अनुमती हवी होती. ती मिळाली नाही आणि १ जुलै २०२४ पासून त्या दोन्ही संहितांच्या जागी नव्या संहिता आल्या. ज्या पायावर विधेयक उभे होते तो पायाच निघून गेला. बहुमत असलेल्या शासनाच्या विधेयकाची ही गत होते, तर एकट्या सदस्याने त्या वाटेने जाण्यापूर्वी दहादा विचार करावा.

त्यापेक्षा कारागृहांची नोंद धरावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने, मृत्युदंडाचे किंवा जन्मठेपेचे गुन्हे आणि संहितेतील इतर अपवाद वगळता, कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला की त्याच्या सुटकेचा विचार व्हायचा आहे आणि त्यासाठी न्यायालयाला लेखी अर्ज करण्याचे कर्तव्य कारागृह अधीक्षकावर आहे. ही संहिता राज्याने बदलण्याचे कारण नाही. मात्र प्रत्येक कारागृहाने दर महिन्याला अशा पात्र कैद्यांची यादी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला द्यावी, पाठवलेल्या अर्जांची संख्या सूचनाफलकावर लावावी आणि अर्ज वेळेत न गेल्यास त्याचे कारण लेखी नोंदवावे, असे राज्याच्या कायद्यात घालता येते. फलकावर केवळ संख्या असावी, नावे प्राधिकरणापुरतीच राहावीत. कैद्याच्या घरच्यांची अब्रूही जपायची असते, हे मसुदा लिहिणाऱ्याने विसरू नये.

दुसरी वाट न्यायालयीन शुल्काची आहे. पोटगी, मालमत्तेचा वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या बाबींत स्त्रियांना महाराष्ट्रात न्यायालयीन शुल्क माफ आहे, पण ही माफी १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने दिलेली आहे. अधिसूचनेने मिळालेले अधिसूचनेने काढूनही घेता येते. ती माफी अधिनियमाच्या कलमात आणण्याचे चार ओळींचे विधेयक कोणीही विरोध करू नये इतके साधे आहे आणि न्यायालयाच्या पायऱ्या चढणाऱ्या बायकांच्या दृष्टीने ते अनेक मोठ्या घोषणांपेक्षा मोलाचे आहे.

मतदानाचे विधेयक : आदेशाला कायद्याचे बळ

स्थानिक निवडणुकांसाठी विधानसभेची मतदार यादीच घेतली जाते आणि राज्य निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली ती प्रभागांनुसार विभागली जाते. या टप्प्यावर नवे नाव घालता येत नाही, पण चुकीच्या प्रभागात गेलेले नाव दुरुस्त करता येते. अडचण अशी की प्रारूप यादी कधी लागली आणि हरकतीची मुदत कधी संपली हे सामान्य मतदाराला कळतच नाही. प्रारूप यादी वस्तीतल्या शाळेत किंवा प्रभाग कार्यालयात लावणे आणि हरकतींसाठी किमान ठरावीक दिवस देणे, एवढी तरतूद पाचही अधिनियमांत एकाच दुरुस्ती विधेयकाने करता येईल. ते पाच अधिनियम म्हणजे मुंबई महानगरपालिकेचा १८८८ चा, इतर महानगरपालिकांचा १९४९ चा, ग्रामपंचायतींचा १९५९ चा, जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांचा १९६१ चा आणि नगरपरिषदांचा १९६५ चा. यांतला एक जरी सुटला तरी त्या भागातला मतदार उघडा पडतो, म्हणून पाचही प्रती टेबलावर उघड्या ठेवून एकेक कलम ताडून पाहावे.

नोटाचा, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही' या पर्यायाचा, प्रश्नही असाच आहे. स्थानिक निवडणुकीत नोटाला सर्वाधिक मते पडल्यास फेरनिवडणूक घ्यावी, असा आदेश राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये काढला आणि तो स्वागतार्ह होता. विधेयकाने ही तरतूद अधिनियमात आणावी, असे माझे मत आहे. मात्र ते लिहिताना आयोगाच्या नियंत्रणाच्या अधिकारावर अतिक्रमण होईल असे कलम चुकूनही येऊ देऊ नये. "आयोग अमुक दिवशीच मतदान घेईल" असे लिहिले की अनुच्छेद २४३ यक ला धक्का लागतो, "फेरनिवडणूक घेण्यात येईल" असे लिहिले की लागत नाही.

मतदान सक्तीचे करा, ही मागणी आली तर गुजरातचा दाखला द्यावा. तेथे स्थानिक निवडणुकांत मतदान सक्तीचे करणारे विधेयक २००९ मध्ये संमत झाले, राज्यपालांच्या संमतीसाठी २०१४ उजाडले आणि २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने अंमलबजावणीला स्थगिती दिली.

शब्द लिहिताना

मराठी मसुद्यात क्रियापदावर सारे अवलंबून असते. "राज्य शासन नियुक्त करील" यात कर्तव्य आहे. "राज्य शासनास नियुक्त करता येईल" यात शासनाची मर्जी आहे. कच्चा मसुदा हातात आला की मी सर्वप्रथम केवळ क्रियापदांखाली रेघा ओढतो आणि जेथे कर्तव्य हवे तेथे मर्जी शिरली आहे का ते पाहतो. "द्यावे", "करावे" ही निवेदनाची भाषा असते, कलमात ती ठेवू नये.

प्रारंभाच्या कलमाकडे असेच लक्ष द्यावे. "राज्य शासन, राजपत्रातील अधिसूचनेद्वारे, नियत करील अशा दिनांकास तो अंमलात येईल" हे नेहमीचे वाक्य निरुपद्रवी दिसते, पण अधिसूचनाच निघाली नाही तर संमत झालेला कायदाही कपाटात राहतो. त्याच्या पुढे परंतुक, म्हणजे अट घालणारे पुरवणी वाक्य, जोडावे : "परंतु, असा दिनांक, हा अधिनियम राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून सहा महिन्यांनंतरचा असणार नाही." नियम करण्याच्या कलमालाही मुदत घालावी आणि केलेला प्रत्येक नियम दोन्ही सभागृहांपुढे तीस दिवसांसाठी ठेवण्याची नेहमीची तरतूद गाळू नये.

पण सर्वांत महत्त्वाचे आहे ते परिणामाचे कलम आणि त्याचा धडा आपल्याच विधिमंडळाच्या इतिहासात आहे. तेव्हाचे विधिमंडळ सदस्य सी. के. बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला की सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. सरकारने परिपत्रक काढले आणि महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले करण्याचा ठरावही केला, तरी तळ्यावर कोणी पाणी भरू शकले नाही. न पाळणाऱ्याचे काय, हे कुठेच लिहिलेले नव्हते. म्हणून ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोले यांनी पुन्हा ठराव आणला आणि त्यात न पाळणाऱ्या नगरपालिकांचे अनुदान रोखण्याची मागणी केली. मार्च १९२७ मध्ये महाडला माणसांना स्वतः तळ्यावर जावे लागले. आपल्या विधेयकातील प्रत्येक कर्तव्यापुढे "आणि न केल्यास?" असे समासात लिहून पाहावे. उत्तर नसेल तेथे कलम अपुरे आहे.

पैशाचा प्रश्न

राज्याच्या एकत्रित निधीतून खर्च करावा लागणारे विधेयक, अनुच्छेद २०७ (३) नुसार, राज्यपालांची शिफारस असल्याखेरीज सभागृहाला संमत करता येत नाही. ही शिफारस शासनाच्या सल्ल्याने मिळते, म्हणजे खर्चिक विधेयकाची किल्ली शासनाकडेच असते. कर बसवणारे किंवा धन विधेयकाच्या (केवळ कर व सरकारी निधी यांविषयीच्या विधेयकाच्या) व्याख्येत येणारे काही असेल, तर ते विधानपरिषदेत मांडताच येत नाही. केवळ दंड किंवा सेवेचे शुल्क आहे म्हणून मात्र विधेयक धन विधेयक ठरत नाही. यावर व्यवहारी उपाय असा की शक्य तेथे नवे पद, नवे महामंडळ आणि नवा निधी टाळून अस्तित्वातल्या अधिकाऱ्यावर कर्तव्य सोपवावे. खर्च टळत नसेल तर तो प्रामाणिकपणे वित्तीय ज्ञापनात मांडावा. आवर्ती आणि अनावर्ती खर्च वेगळा दाखवलेला असला की वित्त विभागाची "आर्थिक भार मोठा आहे" ही मोघम हरकत फार काळ टिकत नाही.

मांडणी आणि सभागृह

विधेयकासोबत उद्देश व कारणे यांचे निवेदन, खर्च असल्यास वित्तीय ज्ञापन, नियम करण्याचे अधिकार दिले असल्यास वैधानिक अधिकार सोपविण्यासंबंधीचे ज्ञापन आणि दुरुस्ती विधेयक असल्यास मूळ कलमांचा उतारा जोडावा. मराठी आणि इंग्रजी दोन्ही पाठ एकाच बैठकीत ताडून पाहावेत, कारण राजपत्रात प्रसिद्ध होणारा इंग्रजी अनुवाद अनुच्छेद ३४८ (३) नुसार प्राधिकृत इंग्रजी पाठ मानला जातो आणि वादाच्या वेळी दोन पाठांतली फट पक्षकाराला महागात पडते. उद्देशांचे निवेदन एका पानाहून मोठे नको. त्यात भाषण करू नये. कायद्यात आज कोणती उणीव आहे, तिच्यामुळे कोणाचे काय होते आणि कोणते कलम ती भरून काढते, इतकेच असावे.

सदस्य निवडताना तो कोणत्या पक्षाचा आहे यापेक्षा शुक्रवारी सभागृहात थांबतो का हे पाहावे, कारण अशासकीय कामकाज शुक्रवारी असते आणि मांडणारा सदस्य जागेवर नसेल तर पुकारलेले विधेयक तसेच पुढे जाते. सूचना अधिवेशनापूर्वी, मुदतीच्या आत, विधानमंडळ सचिवालयाकडे द्यावी. मुंबईत अर्थसंकल्पीय आणि पावसाळी व नागपुरात हिवाळी, या तिन्ही अधिवेशनांत शुक्रवार मोजकेच येतात, हे लक्षात घेऊन तयारी दोन महिने आधी सुरू करावी. क्रम कधी शलाका (चिठ्ठी) काढून ठरतो, तेव्हा थोडा धीर धरावा लागतो.

विधेयक पुरःस्थापित झाले, म्हणजे सभागृहात रीतसर मांडले गेले, की ते सभागृहाचे होते. पुढे ते विचारात घेण्याचा प्रस्ताव, खंडशः विचार आणि संमत करण्याचा प्रस्ताव असे टप्पे आहेत. ते लोकमत अजमावण्यासाठी परिचालित करावे किंवा समितीकडे पाठवावे, असाही प्रस्ताव येऊ शकतो आणि तो आल्यास आनंदाने स्वीकारावा. बहुतेक वेळा मात्र मंत्री उत्तरात म्हणतात की शासन या विषयावर सर्वंकष विधेयक आणण्याचा विचार करीत आहे, सदस्यांनी विधेयक मागे घ्यावे. या क्षणाची तयारी सदस्याकडून आधीच करून घ्यावी. कोणत्या अधिवेशनात आणणार, आमच्या कोणत्या कलमाला आक्षेप आहे आणि मधल्या काळात परिपत्रक काढणार का, हे तीन प्रश्न विचारून त्यांची उत्तरे नोंदीत आल्याखेरीज विधेयक मागे घेऊ नये.

विधानसभा विसर्जित झाली की तिच्यापुढे प्रलंबित असलेले विधेयक व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपुष्टात येते. विधानपरिषदेत प्रलंबित असलेले आणि विधानसभेने अद्याप संमत न केलेले विधेयक मात्र अनुच्छेद १९६ (४) मुळे विसर्जनाने व्यपगत होत नाही. त्यामुळे निवडणूक वर्षभरावर आली असेल, तर विधेयक परिषदेच्या सदस्याकडून मांडून घेण्याचा विचार जरूर करावा.

चर्चा झाल्यावर त्या दिवसाच्या कामकाजाचा अधिकृत वृत्तांत सदस्यामार्फत मिळवावा. मंत्र्यांच्या उत्तरातील ज्या वाक्यांत "करण्यात येईल" असे आहे त्यांखाली रेघ ओढावी आणि ती वाक्ये दिनांक व पृष्ठासह एका पत्रावर उतरवून सदस्याच्या सहीने, मंत्र्यांच्या आश्वासनांचा पाठपुरावा करणाऱ्या आश्वासन समितीकडे पाठवावीत. त्या पत्राची पोच, मूळ मसुदा आणि संघटनांच्या हरकतींचा कागद एकाच धारिकेत लावून ठेवावा, कारण पुढच्या अधिवेशनाची सूचना लिहिताना सर्वप्रथम तीच उघडावी लागते.